बीज, क्षेत्र आणि वांझपणाचा शिक्का

मनुस्मृतीने स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले व दोहोंत बीज श्रेष्ठ ठरवले. मूल न होणाऱ्या पत्नीला आठव्या वर्षी दूर करून दुसरी करण्याची मुभाही दिली. हा निवाडा बीड जिल्ह्यातील गावांत आणि आपल्या वस्त्यांतही अजून चालतो. मूल नाही, म्हणजे बाईत खोट!

सूक्ष्मदर्शकाची साक्ष वेगळी आहे. शुक्रजंतूला अंडाकृती डोके, मधला भाग आणि शेपटी असते. डोक्यावरच्या टोपीतील द्रव्ये स्त्रीबीजाच्या आवरणातून वाट काढण्यास मदत करतात, शेपटी गती देते. डोके बेढब किंवा शेपटी गुंडाळलेली असली, की हे काम अडते. पण निरोगी पुरुषाचेही बहुतेक शुक्रजंतू असेच सदोष असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत शंभरात चार सुघड, ही खालची मर्यादा आहे. बीजशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या सर्व जातींना हाच हिशेब लागू आहे.

आकडा चारच्या खाली गेला म्हणून पुरुष निकामी ठरत नाही. संख्या आणि हालचालही पाहावी लागते. सगळीच डोकी गोल व टोपीविना असणे हा गंभीर, पण विरळा विकार. वृषणाच्या शिरा फुगणे, तीव्र ताप, तंबाखू, अति उष्णता यांचाही शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो. ते तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात; म्हणून एका अहवालावर निकाल देऊ नये, तपासणी पुन्हा करावी.

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण असते. एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत. तरी दवाखान्याची पायरी आधी बाईच चढते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. श्रमात जोडी, दोषात मात्र ती एकटी. २०१९ मध्ये बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तो प्रश्न वांझपणाचा नव्हता. पण बाईच्या देहावर आधी सुरी चालवावी, ही वृत्ती त्यातही होती.

र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून अशा विषयांवर उघड लिहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. खटला हरला, लैंगिक प्रश्न जाणून घेण्याच्या हक्काची ती बाजू मात्र आपली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी घराघरांत सांगावे: वीर्यतपासणीला सुरी लागत नाही, वेदना होत नाहीत. बाईला देवऋषीकडे नेण्याआधी, तिच्यावर सवत आणण्याआधी नवऱ्याने ती करून घ्यावी.