आरोग्यसेवेची पहिली पायरी

दहावीचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यात घरोघर एकच खल सुरू होतो : मुलीला पुढे काय शिकवावयाचे? पुष्कळ घरी उत्तर तयार असते. "नर्सिंगले टाकू, नाहीतर लॅबचं काही पाहू." उत्तर वाईट नाही. रोग्याची शुश्रूषा म्हणजे हलके काम, असे समजण्याचा काळ मागे पडला आहे, आणि दवाखान्याला शिकलेल्या हातांची गरज नेहमीच असते. घोटाळा होतो तो पुढे. एस. टी. स्टँडाजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचून बाप फी भरतो, वर्षभर मुलगी जाते-येते, शेवटी सोनेरी काठाचे प्रमाणपत्र हाती पडते. आणि मग कळते की त्या कागदावर कोणत्याही परिषदेची नोंदणी होत नाही आणि वरच्या वर्गात प्रवेशही मिळत नाही. सोयाबीनचे एक पीक त्या कागदापायी गेलेले असते.

हे टाळावयाचे तर आरोग्यसेवेचे शिक्षण शाळेतच सुरू करता येईल काय, आणि त्याच्या पाठीशी एखादे विद्यापीठ उभे राहील काय? कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९७२ साली बेलर वैद्यक महाविद्यालयाने तेथील शाळाखात्याबरोबर एक हायस्कूल काढले. मुलांनी भाषा, गणित, विज्ञान इतरांसारखेच शिकावे आणि त्याबरोबर रुग्णालयात जाऊन तेथले काम जवळून पाहावे, अशी ती योजना. हृदयशस्त्रक्रियेत जगभर नाव झालेले डॉ. मायकेल डिबेकी ह्या कल्पनेमागे होते, व पुढे त्या शाळेला त्यांचेच नाव मिळाले. पैसा तेथे होताच. पण खरी गोष्ट अशी की वैद्यक महाविद्यालयाने आपले दार शाळेच्या मुलांना उघडून दिले.

"ते ह्यूस्टन झाले हो, आपण कुठे?" असे तुम्ही म्हणाल. तर मग उदाहरण शेजारचे घ्या. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ निघाले. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ म्हणून आपण ते ओळखतो. आपल्या राज्यातील कृषी विद्यापीठांनी दहावी झालेल्या मुलांसाठी दोन वर्षांची पदविका वर्षानुवर्षे चालविली, आणि तीही मराठीतून. वर्ग भरे कृषी तंत्र विद्यालयात, प्रात्यक्षिक शेतावर. पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि शेवटची सही विद्यापीठाची. त्या सहीमुळे त्या मुलाचे शिक्षण सगळीकडे ओळखले जाई. शेतीला हे जमले, तर औषधपाण्याला का जमू नये?

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र नाही. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या काळात माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्यास सांगितले. १९८८-८९ पासून महाराष्ट्रात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. तेच ते, ज्यांना आपण एमसीव्हीसी म्हणत असू. त्यांत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ हाही एक होता. मुले हाताने काम शिकली, हे कबूल केले पाहिजे. शिकाऊ उमेदवारीच्या १९६१ च्या कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन अशा मुलांना वर्षभराच्या उमेदवारीची सोयही झाली होती. पण ह्या शाखेत भाषा, एक सामान्य पायाभूत विषय आणि व्यवसायाचे पेपर एवढेच असत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र नाही, म्हणजे बी.एस्सी. नर्सिंगचे दार बंद. हुशार मुलगा दोन वर्षे रक्त तपासावयास शिके, आणि त्याच विद्येची पदवी घ्यावयास गेला की त्याला सांगण्यात येई, "तुमची शाखा चालत नाही." जिना बांधला, मधली पायरी बांधलीच नाही. विद्यापीठ ह्या व्यवहारात नव्हते, म्हणून हे झाले असे माझे मत आहे. मंडळाने मंडळापुरते पाहिले, विद्यापीठाने विद्यापीठापुरते.

पुढे केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये कौशल्याच्या पातळ्यांचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, आणि त्याला धरून शाळांत नववीपासून जे व्यवसाय विषय आले त्यांत 'हेल्थ केअर' हाही आला. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने त्याची पुस्तके तयार केली. घरी रोग्याची काळजी घेणारा मदतनीस आणि रुग्णालयातला सामान्य मदतनीस, अशा दोन कामांभोवती ती आहेत. मधली पायरीही एका ठिकाणी बांधली गेली आहे, आणि पुष्कळ पालकांना तिची वार्ताही नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे जीएनएम ह्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, मान्य मंडळातून बारावीला 'हेल्थ केअर सायन्स' ही व्यावसायिक शाखा घेऊन, इंग्रजीसह, ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेली मुलगी चालते. दोन वर्षांच्या एएनएमलाही चालते. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र अजून भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रच लागते.

आता विद्यापीठ कोणते, हे पाहू. येथे थोडा गोंधळ होतो. बुलढाणा जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडे आहेत. ते १९८३ साली स्थापन झाले. पण वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंगच्या पदव्या ह्या विद्यापीठाच्या हाती नाहीत. त्या १९९८ पासून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. म्हणजे मुख्याध्यापकाने अर्ज करावयाचा तर एक पत्र अमरावतीला आणि दुसरे नाशिकला गेले पाहिजे. जीवशास्त्राच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा पहिल्याकडे, रुग्णालये दुसऱ्याकडे. ज्या पुरुषाचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला आहे, त्याने आधी झाडू हाती घेतला आणि कीर्तन मागाहून केले. आरोग्याच्या अभ्यासक्रमाचा पहिला पाठही हात धुण्याचाच असतो. असो.

जिल्ह्याची परिस्थिती २०२४ पासून बदलली आहे. त्या वर्षी बुलढाण्यास १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांबरोबर त्याचे उद्घाटन झाले. तोपर्यंत डॉक्टरकीची पुस्तके अकोला, औरंगाबाद, नागपूर अशी दूर होती. आता शिकविणारे प्राध्यापक जिल्ह्याच्या गावी आले. शाळेने त्यांच्याकडे काय मागावे? पैसा नव्हे, इमारत नव्हे. तीन गोष्टी मागाव्या. एक, महिन्यातले काही ठरलेले दिवस, जेव्हा मुले रुग्णालयात येतील आणि त्यांना शिकविण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर असेल. दुसरी, शाळेच्या शिक्षकाचे प्रशिक्षण. कारण ज्याने स्वतः वॉर्ड पाहिला नाही तो पुस्तक वाचून दाखवील, दुसरे काय करील? तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. शाळेत झालेल्या तासांची विद्यापीठाने दखल घ्यावी. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, असा हिशेब आहे. तीस तासांना एक. समजा शाळेने दोन वर्षांत ३०० तास शिकविले, तर दहा श्रेयांक झाले. ते पुढच्या पदविकेत धरले जातील की हवेत विरतील, हे विद्यापीठाने आधीच लिहून दिले पाहिजे.

ह्या ३०० तासांनी कोणी तंत्रज्ञ होत नाही, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. आरोग्यसेवेतील सहयोगी व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली कायदा केला, त्यात पदविकेला कमीत कमी २००० तास आणि पदवीला ३६०० तास ठरविले आहेत. शाळेतला अभ्यास ही त्या वाटेची सुरुवात. त्याच्या जोरावर गावात 'लॅब' उघडून बसू, असे कोणी सांगत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

ह्या शिकलेल्या हातांची गरज किती आहे, ते घाटाखालच्या तालुक्यांत जाऊन पाहावे. पूर्णेच्या काठचा तो खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या गावांत विहिरीचे पाणी खारे, आणि मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी तिकडून वर्षानुवर्षे ऐकू येतात. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली त्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, यंत्राशेजारी पडून राहावे लागते. ते यंत्र डॉक्टर चालवीत बसत नाही. डायलिसिसचा तंत्रज्ञ चालवितो. तो माणूस परगावचा असला की बदलीची वाट पाहतो. संग्रामपूरचाच असला तर?

किंवा शेगाव तालुक्यातली गोष्ट घ्या. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत तेथील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले आणि देशभर बोभाटा झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, नमुने घेऊन गेली. अशा वेळी सारा निष्कर्ष नमुन्यावर उभा असतो. रक्त कोणत्या नळीत घेतले ह्याला महत्त्व आहे : जांभळ्या टोपणाची नळी रक्तपेशी मोजण्यास, करड्या टोपणाची साखरेस, निळ्या टोपणाची रक्त गोठण्याची तपासणी करण्यास. नळीवर नाव चुकले, तर एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर लागतो. हे काम अक्कलहुशारीचे आहे, पण अकरावीच्या मुलीला न समजण्यासारखे त्यात काही नाही.

तेव्हा शाळेत शिकवावे तरी काय? नाडी मोजणे, मोठ्या माणसाची मिनिटाला ६० ते १०० असते. ताप पाहणे. उठता न येणाऱ्या रोग्याची कूस बदलणे, म्हणजे पाठीला जखमा पडत नाहीत. रुग्णालयातला कचरा वेगळा करणे : रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या तांबडीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. आणि लहान मुलाचा श्वास मोजणे. हे शेवटचे ऐकावयास क्षुल्लक वाटते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला, तर न्यूमोनियाची शंका घेऊन तत्काळ दवाखाना गाठावयाचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी ज्यांना आकडे येत नव्हते अशा सुइणींसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन केले, आणि खेड्यातल्या बायांनी ते काम नीट केले. त्यांच्यामागे शिकविणारा व पुन्हा पुन्हा तपासणारा कोणी होता, म्हणून ते जमले. शाळेच्या मुलीला तर आकडे येतात.

इंजेक्शन देणे, सलाईन लावणे हे मात्र शाळेच्या अभ्यासात नको. मुले हट्ट धरतील, पालकही म्हणतील, "मग शिकवलं काय?" तरी नको. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती सुई देणे हे रोग्याच्याही जिवाला आणि मुलाच्याही जिवाला धोक्याचे.

आणखी एक गोष्ट पुस्तकात दोन ओळींची असते, खेड्यात ती फार मोठी होऊन बसते. रुग्णालयात मुलीला आपल्याच गावचा कोणी भेटणार. त्याला क्षय आहे, किंवा त्याच्या सुनेचा गर्भ पडला आहे, हे तिला कळणार. घरी आई विचारणार, "आज कोण कोण दिसलं गं?" त्या वेळी गप्प राहणे हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि त्याची परीक्षा कागदावर घेता येत नाही. आईबापांनाही वर्ग सुरू होण्यापूर्वी बोलावून हे समजावून सांगितले पाहिजे.

पुण्याचे सेवासदन १९०९ साली निघाले. रमाबाई रानडे ह्यांनी तेथून ससून रुग्णालयात मुलींना परिचर्या शिकावयास पाठविले तेव्हा लोकांनी नाके मुरडली. परक्या माणसाची जखम धुवावयाची म्हणजे काय! तरी संस्थेने राहण्याची सोय केली, रुग्णालयाने शिकविण्याची, आणि मुली शिकल्या. राहण्या-जाण्याची ती सोय आपल्या जिल्ह्यात आजही अर्धी लढाई आहे. घाटाखालची मुलगी घाटावर बुलढाण्यास रोज येऊ-जाऊ शकत नाही. तिच्यासाठी खामगाव किंवा शेगावचे सरकारी रुग्णालय धरावे, आणि महाविद्यालयाच्या शिक्षकाने तेथे यावे.

तुमच्या गावच्या शाळेत असा वर्ग निघत असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांना सरळ विचारा : प्रमाणपत्रावर सही कोणाची? कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, तो दाखवा. पुढे एएनएम-जीएनएमला हे धरले जाते काय? बारावीला जीवशास्त्र सोडावे लागते काय? आणि कावीळ-ब ची लस मुलांना कधी टोचणार? रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येकाला ती हवी. तिच्या तीन मात्रा असतात, पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. म्हणजे जूनमध्ये वॉर्डात पाऊल ठेवावयाचे, तर पहिली मात्रा आदल्या डिसेंबरात पडली पाहिजे.