अमूर्तातला माणूस

अमूर्त चित्रात माणूस नसतो, हा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तैयब मेहता यांनी १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या रस्त्यावर एका माणसाची हत्या पाहिली. ते दृश्य त्यांना आयुष्यभर छळत राहिले. १९६० च्या दशकाअखेरीस त्यांच्या चित्रांत एक तिरकी रेषा आली आणि सपाट रंगांत मानवी देह दुभंगला. वेदना मात्र अधिकच स्पष्ट झाली.

यवतमाळच्या शिवारात वेचणीच्या दिवसांत वाकलेल्या पाठी सर्वत्र दिसतात. विद्यार्थ्याने अशी पाठ हुबेहूब रेखाटली, तर त्याचे कौशल्य दिसेल. एकाच ताणलेल्या वक्ररेषेत पकडली, तर तिच्यावरचा भार दिसेल. चित्रकलेच्या तासाला त्या रेषेलाही गुण मिळावेत.