फुटबॉलचा अठरावा नियम

मे महिना सरला की युरोपातली फुटबॉलची मैदानं मोकळी होतात. चाहत्याच्या हाती मग दोनच गोष्टी उरतात: खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या आणि नियमपुस्तकातल्या दुरुस्त्या. पहिल्या गोष्टीवर चहाच्या टपरीपासून वाहिन्यांपर्यंत सगळे बोलतात. दुसरीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर दिवाळी पाडव्याला दुकानात नवी वही घालतात, तशी फुटबॉलची नवी वही दर वर्षी १ जुलैला उघडते आणि पुढच्या हंगामाचा खेळ तिच्या हिशेबाने चालतो.

ही वही सांभाळते ती संस्था म्हणजे इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड, थोडक्यात इफॅब. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघटनांनी ती १८८६ मध्ये स्थापन केली. फिफाचा जन्म १९०४ चा, आणि या मंडळात तिला जागा मिळाली १९१३ मध्ये. आज फिफाची चार मतं आहेत आणि ब्रिटनमधल्या चार संघटनांचं प्रत्येकी एक. कोणताही बदल मंजूर व्हायला आठपैकी सहा मतं लागतात, म्हणजे कोणत्याही एका बाजूला एकटीने काही करता येत नाही. एवढ्या सावध व्यवस्थेमुळे नियम अजून सतराच आहेत.

या सतरा नियमांच्या दुरुस्त्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट मनात पक्की होत जाते. नियम बदलला की आधी बदलतो तो खेळाडू. त्याची जागा बदलते, त्याचं कसब बदलतं, आणि कधी कधी त्याचा घोटा वाचतो. म्हणून नियमाची परीक्षा मी एकाच प्रश्नाने घेतो: ज्याला खेळायचं आहे त्याला या नियमाने जास्त मोकळीक दिली की कमी?

तिघांऐवजी दोघे

पहिला मोठा धडा १९२५ चा. तोवर ऑफसाइडच्या नियमानुसार चेंडू दिला जाण्याच्या क्षणी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू असावे लागत. एक गोलरक्षक, दोन बचावपटू. त्या दोघांपैकी एकाने नेमक्या वेळी चार पावलं पुढे टाकली की समोरचा आक्रमक अडकला, आणि डाव फसलाच तर मागे दुसरा होताच. न्यूकॅसल युनायटेडचा आयरिश बचावपटू बिल मॅक्रॅकन या डावपेचात इतका तरबेज होता की त्याच्या नावाने प्रेक्षक बोटं मोडत. खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात कोंडला गेला होता.

१९२५ मध्ये तिघांचे दोघे झाले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी, २९ ऑगस्टला, ॲस्टन व्हिलाने बर्नलीवर दहा गोल चढवले. आदल्या हंगामात इंग्लिश लीगच्या सर्व विभागांत मिळून ४,७०० गोल झाले होते, ते त्या हंगामात ६,३७३ झाले. एव्हर्टनच्या डिक्सी डीनने १९२७-२८ मध्ये लीगमध्ये एकट्याने ६० गोल केले. तो विक्रम इंग्लंडच्या अव्वल विभागात आजही कायम आहे.

पण याच गोष्टीचा उत्तरार्ध अधिक शिकवणारा आहे. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी आर्सेनल न्यूकॅसलकडून ०-७ असा हरला. नवे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन आणि अनुभवी खेळाडू चार्ली बुकन यांनी त्यानंतर सेंटर हाफला मागे खेचून दोन बचावपटूंच्या मधोमध उभं केलं. सेंटर हाफ हा तोवर मधल्या फळीचा सूत्रधार असे. त्याचा आता पहारेकरी झाला. आर्सेनलमध्ये हे काम पुढे हर्बी रॉबर्ट्सने केलं आणि १९३०-३१ मध्ये आर्सेनलने पहिलं लीग विजेतेपद मिळवलं. आक्रमकांसाठी केलेल्या नियमातून बचावाची एक नवी जात जन्माला आली. नियम करणाऱ्याने ही दुसरी चाल आधीच पाहायला हवी.

आपल्याकडेही नियमाने खेळाडू बदलल्याचं उदाहरण आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत मात्र युगोस्लाव्हियाने १०-१ अशी धूळ चारली, आणि त्यानंतर आपल्या महासंघाने बूट सक्तीचे केले. चारच वर्षांनी मेलबर्नला भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवताना हॅटट्रिक केली ती मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने. त्या यशाचं श्रेय एकट्या बुटांना देता येणार नाही. सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा प्रशिक्षक त्यामागे होता. पण जगाशी बरोबरीने भिडायची पूर्वतयारी त्या सक्तीने करून घेतली, हे नाकारता येत नाही.

हातांकडून पायांकडे

माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला सर्वांत मोठा बदल बॅकपासचा. १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, सरासरी २.२१. इतका कोरडा विश्वचषक आजवर झालेला नाही. आघाडी मिळाली की बचावपटू चेंडू मागे द्यायचा, गोलरक्षक तो हातात घ्यायचा, पुन्हा बचावपटूकडे टाकायचा, पुन्हा हातात घ्यायचा. पालेर्मोतला आयर्लंड-इजिप्त हा गोलशून्य सामना त्या रटाळपणाचा नमुना म्हणून आजही सांगितला जातो. दोन वर्षांनी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीला २-० ने हरवताना डेन्मार्कनेही आपला गोलरक्षक पीटर श्मायकेलकडे मनसोक्त बॅकपास दिले. त्यात गैर काही नव्हतं, कारण नियमच तसा होता.

१९९२ च्या उन्हाळ्यात तो बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला आता हाताने पकडता येईना. बार्सिलोना ऑलिंपिक आणि नव्याने सुरू झालेली प्रीमियर लीग यांत हा नियम लागू झाला. १९९७ मध्ये सहकाऱ्याच्या थ्रो-इनलाही तो लावला गेला.

सुरुवातीचे काही महिने गोलरक्षकांची त्रेधा उडाली. मग खेळच पालटला. त्याआधी बचावपटूच्या मागे धावणं म्हणजे दमछाक, कारण शेवटी चेंडू गोलरक्षकाच्या कुशीत जाणारच. आता त्या धावण्याला मोल आलं. समोरचा संघ वरच्या भागातच दाबून धरायचा, म्हणजे आजचं प्रेसिंग, ते या नियमाच्या पोटात वाढलं. बचावपटूंना पास देता येणं गरजेचं झालं आणि गोलरक्षक अकरावा खेळाडू झाला. पायाने खेळणारे गोलरक्षक आधीही होते. १९७४ मध्ये हॉलंडचा यान योंगब्लुड होता, १९९० मध्ये कोलंबियाचा रेने हिगिटा होता. गोलपासून दूर येऊन खेळताना हिगिटाने कॅमेरूनच्या रॉजर मिलाला चेंडू गमावला आणि त्याचा संघ विश्वचषकाबाहेर गेला. तेव्हा ती एकेकाच्या स्वभावाची लहर मानली जाई. १९९२ नंतर ती नोकरीची अट झाली. एडविन व्हॅन डर सार, २०१४ च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध बॉक्सबाहेर धावून धावून चेंडू अडवणारा मॅन्युएल नॉयर, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत अचूक पास टाकणारा एडरसन ही सगळी त्या एका वाक्याची लेकरं. आपल्याकडे गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव निघतं ते त्यांच्या हातांच्या पकडीसाठी. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजच्या तरुण गोलरक्षकाला ती पकड तर हवीच, शिवाय मधल्या फळीतल्या खेळाडूचे पायही हवेत.

माझ्या कसोटीवर हा नियम पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होतो. त्याने कौशल्याची मागणी वाढवली.

घोटा आणि डोकं

काही नियम मात्र खेळाडूच्या शरीराच्या किमतीवर लिहिले गेले. २४ सप्टेंबर १९८३ रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर अँडोनी गोइकोएचियाच्या मागून आलेल्या टॅकलने दिएगो माराडोनाचा घोटा मोडला. माराडोना परतला. मार्को व्हॅन बास्टेन तेवढा भाग्यवान नव्हता. तीन वेळा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या या माणसाने शेवटचा व्यावसायिक सामना मे १९९३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी खेळला. घोट्यावरच्या शस्त्रक्रियांनी काही साधलं नाही आणि १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पिवळं आणि लाल कार्ड १९७० च्या विश्वचषकापासून होतं, पण मागून पाय घालणाऱ्याला ते दाखवण्याची हिंमत पंचांना नियमाने दिली ती १९९० च्या दशकात. १९९४ च्या विश्वचषकात तशा सक्त सूचना होत्या आणि १९९८ मध्ये, प्रतिस्पर्ध्याला धोक्यात घालणाऱ्या अशा टॅकलला थेट लाल कार्ड, असं पुस्तकातच आलं. मेस्सीसारखा लहानखुरा खेळाडू दोन दशकं चेंडू पायाला चिकटवून धावला, त्यात त्याच्या प्रतिभेबरोबर या ओळीचाही वाटा आहे.

डोक्याच्या बाबतीत जाग फार उशिरा आली. वेस्ट ब्रॉमिच अल्बियनचा जेफ ॲसल हा हेडरसाठी प्रसिद्ध आक्रमक २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. चौकशी अधिकाऱ्याने त्याच्या मृत्यूला व्यवसायजन्य आजार म्हटलं. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट निघालं. डोक्याला मार लागल्यास जादा बदली खेळाडू देण्याचे प्रयोग २०२१ मध्ये सुरू झाले आणि २०२४ पासून ती तरतूद स्पर्धांना कायमची खुली झाली. ॲसलच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

आठ सेकंद आणि खांद्याचं टोक

अलीकडचे दोन बदल या कसोटीवर वेगवेगळे ठरतात. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात धरू नये, असा नियम २००० पासून होता. मोडल्यास बॉक्समध्येच अप्रत्यक्ष फ्री किक. शिक्षा एवढी जड की पंच ती द्यायलाच धजत नसत आणि गोलरक्षक निवांत वेळ काढत. २०२५ मध्ये मुदत आठ सेकंदांची झाली, शिक्षा कॉर्नरची झाली, आणि शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून मोजू लागले. मुदत वाढवून आणि शिक्षा हलकी करून नियम जिवंत झाला. जी शिक्षा द्यायला पंचाचं मन होत नाही ती कागदावर असून उपयोग नाही, एवढी समज यात आहे.

ऑफसाइडची यंत्रं मला तितकी पटत नाहीत. १९९० मध्ये बचावपटूच्या बरोबरीत असलेला आक्रमक ऑनसाइड ठरवला गेला, कारण आक्रमणाला झुकतं माप द्यायचं होतं. २०२२ च्या कतार विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले. निर्णय बरोबर असतील, पण गोलजवळ दबा धरून बसणाऱ्याला रोखण्यासाठी हा नियम केला होता; आक्रमकाला खांद्याच्या टोकाने फायदा कुठला होणार, असं विचारावंसं वाटतं. आक्रमक आणि बचावपटू यांच्यामध्ये मोकळी फट दिसली तरच ऑफसाइड द्यावं, ही आर्सेनलचे माजी व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांची सूचना मला रास्त वाटते. मात्र १९२५ चा धडा इथेही लागू आहे: बचावपटू लगेच मागे सरकतील. म्हणून घाईने मंजुरी न देता लहान स्पर्धांत तो पुरेसा तपासून पाहावा.

पुस्तकात नसलेला नियम

आठ सेकंदांचा नियम मोठ्या मंचावर पहिल्यांदा दिसला तो २०२५ च्या क्लब विश्वचषकात. त्याच स्पर्धेने खेळाडूंची सुट्टी खाल्ली. पॅरिस सँ जर्मां ३१ मे रोजी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. १३ जुलैला अमेरिकेत तो चेल्सीविरुद्ध क्लब विश्वचषकाचा अंतिम सामना हरला. १३ ऑगस्टला इटलीत टॉटनहॅमविरुद्ध सुपर कप खेळायला पुन्हा उभा. दोन हंगामांच्या मध्ये एक महिना, आणि त्यातच पुढच्या हंगामाची तयारी. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीचा रोद्री म्हणाला होता की खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत. काही दिवसांतच आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगाम जवळजवळ संपला. एका दुखापतीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण २०२६ च्या विश्वचषकाची आखणी ४८ संघांची आणि १०४ सामन्यांची, हे पाहिल्यावर खेळाडूने थकवा कुणाकडे मांडायचा?

खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो वर्षातून किमान चार आठवडे सलग विश्रांती मागते. २०२५ च्या जुलैत फिफाने २१ दिवसांची विश्रांती आणि दोन सामन्यांत ७२ तासांचं अंतर यावर एकमत झाल्याचं सांगितलं, पण त्या चर्चेत फिफप्रोला स्थान नव्हतं.

आपल्याकडे दुखणं उलट्या बाजूचं होतं. इंडियन सुपर लीगच्या हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नवा करार न झाल्याने त्या जुलैत पुढचा हंगामच स्थगित झाला. काही क्लबांनी पगार थांबवले. गोवा, मुंबई, कोलकाता, केरळ इथल्या खेळाडूंना सुट्टी मिळाली, पण ती कधी संपणार हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. त्यातला एक हंगाम कागदपत्रांत अडकतो तेव्हा त्याच्या कारकिर्दीचा दहावा हिस्सा जातो. पॅरिसच्या खेळाडूला थांबायला मिळत नाही, मडगावच्या खेळाडूला तेव्हा खेळायला मिळालं नाही, आणि दोघांचंही वेळापत्रक ठरतं तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही.

वेळापत्रक हा इफॅबचा विषय नाही, असं उत्तर यावर मिळतं. पण २०२० च्या महामारीत सामने दाटीवाटीने उरकायचे होते, तेव्हा खेळाडूंच्या शरीराचा विचार करून तिनेच तीनऐवजी पाच बदली खेळाडू दिले आणि २०२२ पासून ते कायम केले. थकवा हा खेळाच्या नियमांचा विषय आहे, हे तिने तेव्हाच मान्य केलं.

म्हणून सतरा नियमांना अठरावा जोडावा, असं मी मनापासून म्हणतो. वर्षात चार आठवडे सलग विश्रांती, दोन सामन्यांत किमान तीन दिवस, आणि हंगाम सुरू होण्याची तारीख आधी बांधील. हे पाळलं नाही तर क्लबाच्या खात्यातून गुण वजा व्हावेत आणि महासंघाला स्पर्धेची मान्यता मिळू नये. इफॅबला दरवर्षी डझनभर दुरुस्त्या करता येतात, तर सहा मतं जमली की हीही एक करता येईल. गोव्यातल्या, कोल्हापुरातल्या, मुंबईतल्या चाहत्यांनी आपल्या क्लबाकडे आणि महासंघाकडे याचा आग्रह धरावा. तिकीट आपण काढतो, वाहिनीचे पैसे आपण भरतो. खेळाडूच्या बाजूने बोलण्याचा हक्क आपलाच आहे.