चिमूटभर पुडीची क्ष-किरण परीक्षा

उन्हात बाहेर पडताना लावायच्या सनस्क्रीनच्या वेष्टनावर ‘टायटॅनियम डायऑक्साइड’ हे नाव बरेचदा आढळते. ही एक पांढरी पूड असून ती उन्हातील अतिनील किरणे अडवते. चेहरा पांढराफटक दिसू नये म्हणून तिचे कण नॅनोमीटरच्या मापाचे घेतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

या पुडीची रुटाइल व अनाटेज ही दोन प्रमुख रूपे. दोन्हींत अणू तेच, प्रमाणही तेच. फक्त मांडणी निराळी. जणू ठिपके तेच, पण रांगोळी वेगळी! परिणाम मात्र मोठा. ऊन पडले की अनाटेज अधिक क्रियाशील होते व आसपासच्या सेंद्रिय पदार्थांचे विघटन घडवते. आपोआप स्वच्छ राहणाऱ्या काचांच्या लेपात हा गुण उपयोगी. त्वचेवर तो नको. म्हणूनच युरोपीय संघाच्या २०१६ च्या नियमानुसार सनस्क्रीनमधील ही नॅनो पूड रुटाइल असावी लागते. अनाटेज फार तर ५ टक्के.

कोनावरून ओळख

पण सारख्याच दिसणाऱ्या पुडीत अनाटेज ओळखायचे कसे? रासायनिक पृथक्करणाने अणू कळतात, मांडणी नाही. येथे कामी येते चूर्ण विवर्तन पद्धत. पीटर डिबाय व पॉल शेरर यांनी ती १९१६ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मांडली.

पुडीवर क्ष-किरण सोडले की अणूंच्या थरांवरून परतणारे किरण ठरावीक कोनांतच एकमेकांना बळ देतात. आलेखावर तेथे शिखर उमटते. तांब्याच्या नळीतले नेहमीचे क्ष-किरण वापरल्यास अनाटेजचे ठळक शिखर सुमारे २५.३ अंशांवर, तर रुटाइलचे २७.४ अंशांवर येते. शिखरांच्या जोरावरून प्रमाणही काढता येते.

शिखर जितके पसरट, कण तितका बारीक

शेरर यांनी १९१८ मध्ये आणखी एक सूत्र दिले. कणात थर भरपूर असले, की शिखर सुईसारखे टोकदार. थर मोजके असले, की पसरट. अनाटेजच्या या शिखराची निम्म्या उंचीवरील रुंदी ०.८ अंश भरली, तर स्फटिक साधारण १० नॅनोमीटरचा.

येथे सावधगिरी हवी. अणूंचे थर ताणले गेले असले किंवा यंत्राचाच दोष असला, तरी शिखर पसरते. शिवाय हे माप एका अखंड स्फटिकाचे. अनेक स्फटिक चिकटून झालेला कण बराच मोठा असू शकतो. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची जोड घेतात. कण फार बारीक असले, की शेजारची शिखरे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी डच शास्त्रज्ञ ह्यूगो रिटवेल्ड यांच्या १९६९ च्या पद्धतीने संपूर्ण आलेखच गणिताने जुळवून पाहतात.

युरोपात अशा घटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ असे छापावे लागते. अनाटेज किती, हे मात्र वेष्टनावरून कळत नाही. ते प्रयोगशाळेतच तपासावे लागते, आणि त्यासाठी चिमूटभर पूड पुरते.