दूरचा संगणक, टेबलावरचे उपकरण

नोंदणी व देयक कक्षांतील टेबलांवर पूर्वीसारखे संगणक का दिसत नाहीत, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली. तेथील छोटी पेटी हा केवळ पडदा, कळफलक व माउस यांना जोडणारा दुवा आहे. प्रत्यक्ष काम सर्व्हर कक्षात चालते आणि त्याचे चित्र तेवढे टेबलावर येते. यास ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ म्हणतात. खर्चात बचत होतेच. परंतु रुग्णाची माहिती टेबलावरील यंत्रात साठून राहत नाही, हा लाभ मी अधिक मोलाचा मानतो.

अडचण येते ती यूएसबी उपकरणांची. बारकोड वाचणारे यंत्र बहुधा कळफलकासारखेच वागते. त्याचे आकडे टंकलिखित अक्षरांप्रमाणे पुढे जातात, म्हणून ते विनातक्रार चालते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, स्पायरोमीटर किंवा अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र यांचे तसे नाही. उपकरण येथे, त्याची प्रणाली तेथे.

यावर दोन मार्ग आहेत. पहिल्यात उपकरणाचा प्रत्येक संकेत नेटवर्कवरून जसाच्या तसा सर्व्हरकडे धाडला जातो आणि उपकरण आपल्यालाच जोडले आहे असे सर्व्हर समजतो. मात्र १९९६ साली अवतरलेली यूएसबी ही मुळात काही मीटरच्या तारेसाठी आखलेली; उत्तरास विलंब झाला की काही उपकरणे रुसतात. शिवाय असे सोपविलेले उपकरण स्थानिक यंत्रास दिसेनासे होते. (एकच पावती दोन खातेवह्यांत जमा दाखविता येत नाही, असे आम्हां वाणिज्य शाखेच्या मंडळींना हे चटकन उमगते.) दुसऱ्या मार्गात उपकरणाशी बोलणे टेबलावरच उरकून केवळ आवश्यक तेवढी देवघेव पुढे पाठवितात. मुद्रक, स्वाक्षरीचे टोकन व वेबकॅम यांना हाच मार्ग मानवतो.

खरी कसोटी लागली ती आधार पडताळणीच्या खिडकीवर. २०१७ पासून त्यासाठी नोंदणीकृत उपकरणेच चालतात. त्यांची सेवा ब्राउझर ज्या यंत्रावर असेल त्याच यंत्रावर शोधली जाते. आमचा ब्राउझर सर्व्हरवर, सेवा टेबलावर. परिणामी ‘उपकरण सापडत नाही’. रोजची मजुरी बुडवून रुग्णाला घरी न्यावयास आलेल्या नातेवाइकाला हे तांत्रिक कारण कोणत्या तोंडाने सांगावे? त्या एका खिडकीवर आम्ही साधा संगणक पुन्हा बसविला. व्यवस्थेची एकसूत्रता थोडी बिघडली, रांग मात्र पुढे सरकली.

प्रत्येक यूएसबी उपकरण आपल्या उत्पादकाचा व प्रकाराचा क्रमांक सांगते. त्यावरून मान्य उपकरणांची यादी करून बाकी सर्व बंद ठेवली आहेत. हे क्रमांक खोटे सांगता येतात, त्यामुळे खिडक्यांवरील मोकळ्या यूएसबी जागाही झाकल्या आहेत. शिबिरांची छायाचित्रे पेनड्राइव्हवर घेऊन येणाऱ्या हितचिंतकांनी ती कृपया कार्यालयाकडे ई-मेलने पाठवावीत.