डेटा धावतो प्रकाशावर, मग एवढी वीज कुठे जाते?

कोकणातल्या कितीतरी घरांत इशाची नमाज झाली की फोन वाजतो. कुवेतहून नाहीतर लंडनहून कुणाचा मुलगा, कुणाचा शोहर, कुणाचा भाऊ व्हिडिओ कॉल करतो. चेहरा साफ दिसतो, आवाज लगेच पोहोचतो आणि खर्च काय, तर महिन्याचा रिचार्ज. त्यामुळे डेटा ही जवळजवळ फुकटची चीज आहे, असं आपल्याला वाटायला लागतं.

वीज फुकट नसते, हे मात्र भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना कुणी सांगायला नको. आणि डेटालाही वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ या वर्षात जगभरातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या हा साधारण दीड टक्का झाला. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे, सुमारे ९४,५०० कोटी युनिटवर जाईल, असं हीच संस्था म्हणते. आपल्या नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत, म्हणजे हा विषय आपल्या दारातलाही आहे.

या विजेचा मोठा भाग हिशेब करण्यात जातो, काही भाग यंत्रं थंड ठेवण्यात जातो. पण एक भाग असा आहे ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे माहिती इकडून तिकडे नुसती वाहून नेण्याचा खर्च. तो कमी करण्यासाठी आज शास्त्रज्ञ प्रकाशाला थेट चिपवर आणत आहेत. हे काम कसं चालतं आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, ते आज आम्ही सोप्या भाषेत सांगणार आहोत.

समुद्र सोपा, शेवटचा हात अवघड

आपला कॉल समुद्राखालून काचेच्या बारीक तंतूंमधून येतो. अनेक आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. या तंतूंत धावतो तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. काच खूप शुद्ध असेल तर प्रकाश तिच्यातून लांबवर जाऊ शकतो, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये प्रकाश १५ किलोमीटर गेला तरी जवळपास निम्मा शिल्लक राहतो.

खरी अडचण किनाऱ्यावर आल्यावर सुरू होते. डेटा सेंटरमध्ये हजारो चिप एकमेकींशी सतत बोलत असतात. चिपची भाषा विजेची, फायबरची भाषा प्रकाशाची. चिपपासून प्रकाशाच्या यंत्रापर्यंतचा काही सेंटिमीटरचा रस्ता तांब्याचा असतो, आणि महाग पडतो तो हाच तुकडा.

का महाग? तांब्याची तार म्हणजे पाण्याचा रांजण समजा. एकदा ‘१’ पाठवायचा तर रांजण भरायचा, ‘०’ पाठवायचा तर रिकामा करायचा. तार जितकी लांब तितका रांजण मोठा. हे सेकंदाला अब्जावधी वेळा करायचं म्हटल्यावर विजेची किती नासाडी होत असेल, विचार करा. शिवाय वेग वाढला की तांब्यातला सिग्नल लवकर मलूल होतो, आणि त्याला सावरायला आणखी चिप बसवाव्या लागतात.

प्रकाशाला तारेचा हा रांजण भरावा लागत नाही. एकाच वाटेने वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश एकमेकांत न मिसळता जाऊ शकतो. म्हणून शास्त्रज्ञांचा प्रयत्न असा आहे की तांब्याचा रस्ता जमेल तितका छोटा करायचा आणि प्रकाश चिपच्या शेजारी आणायचा.

वाळूपासून प्रकाशाची वाट

या कामाला सिलिकॉन फोटॉनिक्स म्हणतात. सिलिकॉन वाळूपासून मिळतं आणि मोबाईलची चिप त्याचीच बनते. आपल्या डोळ्यांना ते काळपट दिसतं, पण अवरक्त प्रकाशासाठी ते काचेसारखं पारदर्शक आहे. त्यामुळे सिलिकॉनवर सुमारे अर्धा मायक्रोमीटर रुंदीच्या बारीक पट्ट्या कोरल्या की त्यातून प्रकाश पाटाच्या पाण्यासारखा वळणं घेत जातो. आपला केस साधारण ७० ते ८० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. सगळ्यात मोठा फायदा असा की हे काम चिपच्या कारखान्यांत, तिथल्याच पद्धतीने करता येतं.

पण सिलिकॉनला एक खोड आहे. ते स्वतः नीट प्रकाश देत नाही. त्यामुळे लेझर बहुधा इंडियम फॉस्फाईडसारख्या दुसऱ्या पदार्थाचा करून जोडावा लागतो. २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत बहराम जलाली यांच्या गटाने सिलिकॉनमध्ये लेझर चालवून दाखवला. त्यासाठी वापरला होता रामन परिणाम, जो सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधला आणि ज्याच्या नावाने आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो. मात्र या लेझरला बाहेरून दुसऱ्या लेझरचा प्रकाश द्यावा लागत होता. त्यामुळे रोजच्या वापरात जोडलेला लेझरच चालतो.

विजेची भाषा प्रकाशात आणणारा नळ

लेझर तर सतत जळत राहतो. मग त्यात ०-१ ची भाषा भरायची कशी? त्यासाठी लागतो मॉड्युलेटर. हा प्रकाशाचा नळ आहे असं म्हटलं तरी चालेल, फक्त तो सेकंदाला अब्जावधी वेळा उघडतो आणि बंद होतो.

त्याची एक पद्धत अशी. प्रकाशाची वाट दोन फाट्यांत विभागायची. एका फाट्यावर विजेचा दाब दिला की तिथला प्रकाश किंचित मागे पडतो. पुढे दोन्ही फाटे एकत्र येतात. दोन्ही लाटा पावलाला पाऊल मिळवून आल्या तर प्रकाश पूर्ण मिळतो. उलट्या आल्या तर एकमेकींना मिटवतात आणि अंधार होतो. प्रकाश म्हणजे १, अंधार म्हणजे ०.

सिलिकॉनमध्ये विद्युतभार कमी-जास्त केला की प्रकाशाची चाल किती बदलते, याचा हिशेब रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये मांडला. पण हा बदल फार थोडा असतो. तेवढ्यावर काम भागवायचं तर फाटे काही मिलिमीटर लांब ठेवावे लागतात, आणि चिपच्या दुनियेत मिलिमीटर म्हणजे मोठा मळाच.

यावर एक तोड निघाली ती गोल कड्याची. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मिशाल लिप्सन यांच्या गटाने फक्त १२ मायक्रोमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या कड्यातून मॉड्युलेटर करून दाखवला. प्रकाश कड्यात पुन्हा पुन्हा फिरतो, त्यामुळे थोड्या बदलाचाही मोठा परिणाम होतो. आकार लहान म्हणून वीजही कमी लागते. मात्र कडं फार नाजूक मिजाजाचं असतं. तापमान जरा बदललं की त्याचा सूर बिघडतो. मग त्याला जागेवर ठेवायला शेजारी छोटा हीटर लावतात आणि तो हीटर वीज खातो. एका हाताने वाचवलं, दुसऱ्या हाताने थोडं गेलं.

प्रकाश धातूला चिकटून चालतो तेव्हा

आता प्लाझ्मॉनिक्सकडे येऊ. काच असो की सिलिकॉन, प्रकाशाला एका मर्यादेपलीकडे दाबता येत नाही. त्याची लाटच तेवढी मोठी असते. पण सोनं, चांदी, तांबं यांच्या पृष्ठभागावर मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाश आणि हे इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावू लागले की एक वेगळीच लाट तयार होते. तिला पृष्ठभागावरचा प्लाझ्मॉन म्हणतात. ही लाट सोन्याच्या दोन पट्ट्यांमधल्या १०० नॅनोमीटर किंवा त्याहून अरुंद फटीतही मावते.

फट अरुंद म्हणून विजेचा परिणाम जोरदार होतो, आणि मग मिलिमीटरची गरजच उरत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात युर्ग लॉयथोल्ड यांच्या गटाने २०१५ मध्ये असा दोन फाट्यांचा मॉड्युलेटर तयार केला. त्याची लांबी होती फक्त १० मायक्रोमीटर. एक बिट पाठवायला त्याला सुमारे २५ फेम्टोजूल ऊर्जा लागली. एका ज्यूलचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोजूल. रांजणाच्या जागी इथे छोटीशी वाटी आली.

याचीही किंमत आहे. धातू प्रकाश पितो आणि त्याची उष्णता करतो. वाट जेवढी लांब तेवढं नुकसान जास्त. म्हणून २०१८ मध्ये याच गटाने आणि सहकाऱ्यांनी कड्याची आणि धातूची युक्ती एकत्र केली. तिच्यात निम्म्याहून थोडा जास्त प्रकाश शिल्लक राहू लागला. आणखी एक अडचण अशी की चिपच्या कारखान्यांना सोनं नको असतं, कारण सोन्याचे कण सिलिकॉनला खराब करतात. त्यामुळे तांबं आणि इतर धातूंवर काम सुरू आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीत मिहराबभोवती ९ व्या शतकातल्या चमकदार फरशा आहेत. अब्बासी काळातल्या इराकी कुंभारांनी चांदी आणि तांब्याचे क्षार वापरून, भट्टीतली हवा सांभाळून ही चमक साधण्याची कला उभी केली. अशा भांड्यांच्या मुलाम्यात धातूचे नॅनोमीटर आकाराचे कण असतात, आणि त्यांच्या रंगात प्लाझ्मॉनचा मोठा वाटा आहे, हे आधुनिक तपासणीत दिसून आलं. मात्र म्हणून ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणणं बरोबर नाही. त्या कारागिरांना इलेक्ट्रॉन माहीत नव्हते. त्यांच्याकडे होती ती चिकाटी आणि शंभरदा करून बघण्याची तयारी. प्रकाशावर प्रयोग करून मगच निष्कर्ष काढणारे इब्न अल-हैसम यांचीही शिकवण हीच होती. वारसा सांगायचा तर तो मेहनतीचा सांगावा.

आकडे वाचताना सावध राहा

आता हिशेब करू. मार्च २०२५ मध्ये एनव्हीडिया कंपनीने सिलिकॉन फोटॉनिक्स वापरणारे नवे नेटवर्क स्विच जाहीर केले. त्या वेळी कंपनीने सांगितलं की सेकंदाला १.६ टेराबिट नेणारा प्रचलित पद्धतीचा एक प्रकाश-जोड सुमारे ३० वॅट वीज खातो. भागाकार केला तर एका बिटला साधारण १९ पिकोजूल, म्हणजेच १९,००० फेम्टोजूल होतात. नव्या रचनेत प्रकाशाचं यंत्र चिपच्या अगदी शेजारी बसवलं आहे. त्यामुळे तांब्याचा रस्ता आखूड होतो आणि वीज साडेतीन पटीने कार्यक्षम वापरली जाते, असा कंपनीचा दावा आहे.

कुणी म्हणेल, कुठे १९,००० आणि कुठे झुरिकचे २५! म्हणजे साडेसातशे पट बचत झाली की. नाही, तशी तुलना करता येत नाही. २५ हा आकडा फक्त नळ फिरवण्याचा आहे. लेझर, त्याला चालवणारी वीज, पलीकडे प्रकाश ओळखणारं यंत्र, चुका सुधारणारी चिप हे सगळं त्यात धरलेलं नाही. धातूने प्रकाश प्यायला तर लेझर मोठा लावावा लागतो, आणि तो खर्चही शेवटी बिलात येतोच. म्हणून ‘इतक्या पटीने वीज वाचणार’ अशी बातमी वाचली की एक प्रश्न विचारा: हा आकडा एका भागाचा आहे की पूर्ण साखळीचा?

आपल्यासाठी यात काय?

पहिली गोष्ट बचतीची. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एका बिटमागे काही फेम्टोजूल वाचवायला धडपडणारे इंजिनिअर एका अर्थी हाच हिशेब करत आहेत. पण त्यांनी वाचवलेलं आपण उधळलं तर? यंत्र स्वस्तात चालू लागलं की वापर वाढतो, हा आजवरचा अनुभव आहे. ऊर्जा संस्थेचे २०३० चे आकडेही तेच सांगतात. एकच जड व्हिडिओ वीस ग्रुपवर पाठवण्याआधी घरातल्या मोठ्यांनीही क्षणभर थांबायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मुलांच्या शिक्षणाची. संगणक म्हटलं की आपल्या घरांत फक्त सॉफ्टवेअरचं नाव निघतं. पण हे क्षेत्र भौतिकशास्त्राचं, इलेक्ट्रॉनिक्सचं, पदार्थविज्ञानाचं आहे. भारतातही त्यावर काम चालू आहे. आयआयटी मद्रासमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या मदतीने सिलिकॉन फोटॉनिक्सचं केंद्र आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही संशोधन होतं. ज्यांना बीएस्सीला भौतिकशास्त्र आवडतं त्यांच्यासाठी एमएस्सीचा रस्ता ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटीपर्यंत जातो. आणि सगळ्यांनीच शास्त्रज्ञ व्हायला हवं असंही नाही. फायबर जोडणं, तपासणं, डेटा सेंटरची वीज आणि थंडावा सांभाळणं ही हाताच्या कसबाची कामं आहेत.

अकरावीत प्रवेश घेताना ‘फिजिक्स घेऊन काय करणार?’ असं मुलीला किंवा मुलाला विचारलं जातं. पुढच्या वेळी हा प्रश्न घरात निघाला तर कुवेतहून आलेल्या त्या कॉलची आठवण काढा. तो चेहरा आपल्यापर्यंत फिजिक्सनेच पोहोचवला आहे, आणि त्यासाठी लागणारी वीज कमी करण्याचं काम अजून बाकी आहे.