रानात सोबतीला कोणता ग्रंथ?

सटाण्याहून ताहाराबादमार्गे पश्चिमेकडे निघाले की मुल्हेर, मोरा, हरगड आणि त्यापलीकडे सालोटा-साल्हेर अशी सह्याद्रीच्या उत्तर टोकाची रांग नजरेसमोर उभी राहते. साल्हेरची उंची १,५६७ मीटर. कळसूबाईनंतर राज्यातील दुसरे उंच शिखर ते हेच. पावसाळ्याच्या अखेरीस आयुर्वेदाचे विद्यार्थी वनौषधी परिचयासाठी आणि औषधी निर्माते कच्चा माल प्रत्यक्ष पाहण्यासाठी या रानात शिरतात. जुलै २०२५ मध्ये साल्हेरसह १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यामुळे हौशी पदयात्रींची वर्दळही वाढणार, हे उघड आहे. अशा वेळी वैद्यास हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘रानात नेण्यासारखे एखादे चांगले पुस्तक सांगा.’ प्रश्न साधा वाटतो. परंतु चुकीच्या पुस्तकावरचा विश्वास रानात जिवावर बेतू शकतो, म्हणून त्याचा सविस्तर विचार करणे आवश्यक आहे.

सध्या बाजारात सहज मिळतात ती ‘जंगलात जिवंत कसे राहावे’ या प्रकारची इंग्रजी पुस्तके. अमेरिकन लष्कराची या विषयावरील पुस्तिका आणि जॉन वाइजमन या माजी ब्रिटिश सैनिकाचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ ही त्यांतील अग्रगण्य. ही पुस्तके टाकाऊ मुळीच नाहीत. दिशा कशी ओळखावी, निवारा कसा उभारावा, घाबरलेल्या मनास कसे आवरावे, हा भाग कोणत्याही देशात उपयोगी पडतो. अडचण येते ती वनस्पतींच्या प्रकरणात. अनोळखी वनस्पती खाण्यायोग्य आहे की नाही हे पाहण्याची एक टप्प्याटप्प्याची चाचणी त्यांत सांगितलेली असते. प्रथम त्वचेस, मग ओठास, मग जिभेस लावून पाहणे, नंतर अल्प प्रमाणात गिळणे आणि काही तास वाट पाहणे, असा तिचा क्रम असतो.

विषद्रव्यांचा अभ्यास असलेल्या आपल्या वाचकांस यातील धोका लगेच जाणवेल. कळलावीच्या कंदातील विषाची लक्षणे प्रकट होण्यास कित्येक तास लागतात. गुंजेचे बी चावून पोटात गेले, तर खरा उपद्रव कधीकधी एक-दोन दिवसांनी दिसतो. काही तासांत काही झाले नाही म्हणजे वनस्पती निर्दोष, हे अनुमान म्हणूनच आपल्या रानात चालत नाही. हिरड्याबेहड्याच्या सावलीतच कळलावीचे वेल वाढतात आणि तिचा कंद अजाण माणसास खाद्य कंदासारखा भासतो. त्यात नावांचा घोळ वेगळाच. कळलावीस काही भागांत खड्यानाग, तर काही ठिकाणी बचनागही म्हणतात. आणि ग्रंथोक्त वत्सनाभ तर हिमालयातील सर्वस्वी निराळी वनस्पती. केवळ देशी नावावर भिस्त ठेवणारे पुस्तक येथे मदतीऐवजी भ्रम निर्माण करते.

पुस्तकाने जे सांगितले त्याहून जे सांगितले नाही ते किती महत्त्वाचे ठरते, याचे एक उदाहरण अलास्कातील आहे. १९९२ मध्ये क्रिस्टोफर मॅककँडलेस हा २४ वर्षांचा तरुण तेथील अरण्यात एकट्याने राहिला आणि उपासमारीने मरण पावला. त्याच्याजवळ तेथील मूळ रहिवाशांच्या वनस्पतिज्ञानावरील एक चांगले, अभ्यासपूर्वक लिहिलेले पुस्तक होते. त्यात एका रानटी शेंगवर्गीय वनस्पतीचे मूळ खाण्यायोग्य असल्याचे नमूद होते. बियांविषयी मात्र निषेध नव्हता. त्याने बिया खाल्ल्या आणि आपल्या दुर्बलतेस त्याच कारणीभूत असल्याची नोंदही करून ठेवली. २०१३ मध्ये या बियांत लाखेच्या डाळीतील, पाय लुळे करणारे विषद्रव्य असावे असे मत मांडले गेले. पुढील तपासणीत ते टिकले नाही; २०१५ च्या संशोधनात एल-कॅनाव्हॅनीन हे दुसरे विषारी द्रव्य आढळले. मृत्यूच्या नेमक्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मूळ निर्दोष म्हणून बीजही निर्दोष, असे मानण्याचा धोका द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रयोज्यांग, संग्रहकाल आणि शोधन ही त्रयी आपल्या शास्त्रात प्रत्येक द्रव्याबरोबर येते. रानात न्यावयाचे पुस्तक याच कसोटीवर घासून पाहावे.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी दुकानातच त्यातील दोन-तीन पाने उघडावीत, ती आपणांस पूर्ण परिचित असलेल्या वनस्पतींची. कडूकंद काढून पाहा. ‘कंद भाजून खातात’ एवढेच लिहिले असेल, तर पुस्तक परत ठेवावे. आदिवासी बांधव या कंदाच्या चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात दीर्घकाळ ठेवून कडूपणा काढतात, हे लेखकास ठाऊक आहे असे दिसले तर पुढे वाचावे. गुंजेच्या पानावर बियांच्या विषाचा इशारा ठळकपणे आहे काय, हेही पाहावे. छायाचित्र केवळ फुलाचे आहे की पान, फळ आणि साल यांचेही आहे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. कारण फूल वर्षातून काही आठवडेच असते. आळिंबीच्या बाबतीत ‘विषारी आळिंबी ओळखण्याची सोपी खूण’ देणारे पुस्तक सरळ नाकारावे. अशी सर्वत्र लागू पडणारी खूण अस्तित्वातच नाही.

बागलाणच्या रानासाठी कोणते ग्रंथ सुचवावेत? थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि आजही त्याला पर्याय नाही. त्याहून जवळचा म्हणजे लक्ष्मीनरसिंहन व शर्मा यांनी सिद्ध केलेला नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो १९९१ मध्ये प्रकाशित केला. आपल्याच जिल्ह्याचा ग्रंथ असूनही अनेक औषधालयांच्या कपाटांत तो नसतो, ही खेदाची गोष्ट होय. हे दोन्ही ग्रंथ पाठीवर वाहून नेण्याचे नव्हेत आणि वनस्पतिशास्त्राची परिभाषा जाणल्याविना त्यांचा उपयोगही होत नाही. परंतु परतल्यावर नमुन्याची खातरजमा येथेच करावी लागते. पिशवीत नेण्यास श्रीकांत इंगळहळीकर यांचे सह्याद्रीतील फुलांवरील सचित्र पुस्तक (२००१) सोयीचे आहे. गुणकर्मांसाठी शंकर दाजी शास्त्री पदे यांचा ‘वनौषधी गुणादर्श’ आणि वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ हे मराठीतील दोन ग्रंथ आपल्या परिचयाचे आहेतच. आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन १९०७ मध्ये पदेशास्त्र्यांनी नाशिकातच भरविले होते, याचे स्मरण या निमित्ताने होते.

वनस्पतीच्या ओळखीचा ग्रंथ शंभर वर्षांनीही विश्वसनीय राहतो. दंश आणि विषबाधेवरील उपचारांचा ग्रंथ मात्र झपाट्याने जुना होतो. जुनी पुस्तके विकत घेणाऱ्यांनी हा भेद विशेष ध्यानी घ्यावा. सुश्रुताने सर्पदंशावर अरिष्टाबंधन, छेदन व आचूषण सांगितले. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य गिर्यारोहण पुस्तिकांतही घट्ट आवळपट्टी, छेद आणि विष शोषून घेणे हाच उपदेश आढळे. आज तिन्ही गोष्टी वर्ज्य ठरल्या आहेत. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा रुग्णास छेद देणे म्हणजे रक्तस्रावास आमंत्रण. घट्ट बांधल्याने दंशाच्या ठिकाणचे मांस मरते आणि बंध एकाएकी सोडताच विष वेगाने शरीरात पसरते. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर करावा, अंगठी-कडे काढावे आणि विषरोधक लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्यास विनाविलंब न्यावे. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याचा खटाटोप अनावश्यक आहे. मण्यारीचा दंश तर अनेकदा दुखतही नाही. हे न सांगणारी प्रथमोपचार पुस्तिका औषधालयाच्या विक्रीफळीवर ठेवूच नये. ग्राहक तिच्यावर आपल्या नावाने विश्वास ठेवतो.

लाल विंचवाच्या दंशाबाबतही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसीन या औषधाचा उपयोग सिद्ध केल्यावर या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. १९८० पूर्वीच्या पुस्तकात त्याचा उल्लेख असणेच शक्य नाही. सर्पांच्या ओळखीसाठी व्हिटेकर व कॅप्टन यांचे २००४ चे सचित्र पुस्तक उत्तम. देवरसांचे १९६५ चे पुस्तकही वाचनीय आहे, पण उपचारांचा भाग अद्ययावत ग्रंथातूनच घ्यावा.

जुने ते सारेच त्याज्य, असे मात्र नव्हे. पाण्याचेच पाहा. गढूळ पाणी निवळण्यासाठी सुश्रुताने कतक, म्हणजे आपली निवळी, सांगितली. त्याच अध्यायात दूषित पाणी अग्नीवर उकळावे किंवा सूर्याच्या उन्हात तापवावे असेही आहे. निवळीने गाळ खाली बसतो, जंतू सर्व नाहीसे होत नाहीत. म्हणून निवळल्यानंतर उकळणे हवेच. साल्हेरवरील गंगासागर तलावाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी हा क्रम चुकवू नये. हातातील पुस्तक निवळीवरच थांबते की उकळण्यापर्यंत जाते, हे पाहून लेखकाची योग्यता कळते.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात शेळ्या-मेंढ्या व गायी राखणारे आणि वनात राहणारे लोक वनस्पतींना नामरूपाने ओळखतात असे म्हटले आहे. सुश्रुतानेही गोपाळ, तापस व व्याध यांस विचारावे असे सुचविले. साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याशी कोकणा व भिल्ल वस्त्या आहेत. तेथील जाणता वाटाड्या योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावा, त्याने सांगितलेले नाव, जागा आणि महिना वहीत टिपावा व परतल्यावर जिल्ह्याच्या ग्रंथाशी ताडून पाहावा. दोन-तीन हंगामांत प्रत्येक औषधालयाजवळ आपल्या तालुक्यापुरती अशी एक टिपणवही सहज तयार होईल. संघटनेच्या शाखांनी या टिपणांची देवाणघेवाण सुरू केली, तर कळलावी, कडूकंद आणि गुंज यांची पाने प्रथम भरावीत.